मुलांच्या चित्रांची साक्ष

(पालकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान, वाचकांसाठी लिहून काढलेले)



लहान मुलाची साक्ष ग्राह्य धरावी काय, हा प्रश्न न्यायालयात वारंवार उपस्थित होतो. पुष्कळांची अशी समजूत असते की अज्ञान मुलास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभेच करता येत नाही. ही समजूत बरोबर नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने साक्षीदारास वयाची अट घातलेली नव्हती, आणि त्याची जागा घेऊन १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती घातलेली नाही. विचारलेला प्रश्न समजला पाहिजे व त्याचे समंजस उत्तर देता आले पाहिजे, एवढेच कायदा पाहतो. परंतु काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर मुलास शब्दांत देताच येत नाही. "तुला कोणी कमी लेखते काय?" असे सहा वर्षांच्या मुलास विचारून पाहा. ते खाली मान घालील किंवा खेळावयास पळून जाईल. त्याच मुलाच्या हाती रंगीत खडू द्या, म्हणजे पुष्कळदा उत्तर कागदावर येते.

आज मी जे तुमच्यापुढे मांडणार आहे ते बहुतांशी अमेरिकेतील आहे. तेथील वर्णभेद आणि आपल्याकडील जातिभेद या तंतोतंत एकच गोष्टी आहेत असा माझा दावा नाही. तथापि आपला त्याच्याशी संबंध काय, असेही कोणी विचारू नये. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून अस्पृश्य व कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते, आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. ज्या बाईंविषयी मी प्रथम सांगणार आहे, त्यांनीही डॉक्टरेट मिळविली ती कोलंबिया विद्यापीठाचीच, जेथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते.

मेमी फिप्स, लग्नानंतरच्या मेमी क्लार्क, यांचा जन्म १९१७ चा, आर्कान्सा राज्यातील. हॉवर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९३८ च्या उन्हाळ्यात त्यांनी वॉशिंग्टन येथे विल्यम ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलाच्या कचेरीत काम केले. गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणाऱ्या कायद्यांशी झुंजणारे वकील त्या कचेरीत येत, खटल्यांची तयारी करीत. वकिलाच्या कचेरीत कागद लावीत बसलेली एक तरुण मुलगी तेथे काय ऐकते आणि त्यातून काय उभे करते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात कृष्णवर्णीय मुलास आपण कोण याची जाणीव कशी होते, हा विषय त्यांनी एम. ए. च्या प्रबंधासाठी घेतला. पुढे पती केनेथ क्लार्क यांच्या जोडीने हे काम वाढले. जगाने मात्र ते पुष्कळ काळ पतीच्याच नावावर मांडले. मूळ प्रश्न मेमीबाईंचा होता.

या दांपत्याच्या बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. रंगाखेरीज सर्वस्वी सारख्या अशा बाहुल्या मुलांपुढे ठेवावयाच्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे विचारावयाचे. त्यांचा दुसरा प्रयोग, रंगविण्याचा, फारसा कोणास माहीत नसतो. मला तो अधिक बोलका वाटतो. एका कागदावर पान, सफरचंद, संत्रे, उंदीर, एक मुलगा व एक मुलगी यांच्या रेखाकृती असत. सोबत रंगीत खडूंची पेटी, आणि तीत तपकिरी, काळा, पांढरा, पिवळा असे खडू मुद्दाम घातलेले. मुलाने आधी पान आणि फळे रंगवावयाची. त्यावरून त्याला वस्तूंचे रंग कळतात की नाही हे समजे. नंतर सांगावयाचे की ही आकृती म्हणजे तू, तुझा जो रंग आहे तो हिला दे. आणि शेवटी, दुसऱ्या आकृतीस तुला आवडेल तो रंग दे.

बहुतेक मुलांनी स्वतःस तपकिरी किंवा काळा रंग दिला. परंतु अनेकांनी आपल्या कातडीहून उजळ छटा निवडली. काही सावळ्या व काळ्या मुलांनी स्वतःस पांढरा किंवा पिवळा रंग दिला, तर काहींनी कोणत्याच माणसाचा नसतो असा भलताच रंग. याच मुलांनी पान हिरवे व सफरचंद तांबडे अचूक रंगविले होते. म्हणजे डोळ्यांत दोष नव्हता. पानाचा रंग सांगताना मूल धीट होते आणि स्वतःचा रंग सांगण्याची वेळ आली की त्याचा हात अडखळत होता. या चिमुकल्यांना कोणी व्याख्यान देऊन शिकविले नव्हते की काळे असणे हीन आहे. वेगळी शाळा, वेगळी बैठक, मोठ्यांच्या बोलण्यातील लहानसहान शब्द, यांनी ते शिकविले होते.

खडूच्या पेटीचाही या बाबतीत थोडा विचार करावयास हवा. क्रेयोला या अमेरिकन कंपनीच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू होता, आणि त्याचे नाव होते 'मांसाचा रंग', अर्थात माणसाच्या अंगाचा रंग. १९६२ साली कंपनीने ते नाव बदलून त्यास पीच या फळाचे नाव दिले. माणसाच्या कातडीच्या २४ छटा असलेली पेटी तिने काढली ती २०२० साली. आपल्याकडील मुले आजही त्याच फिकट खडूला 'स्किन कलर' म्हणतात आणि आपल्या काळ्यासावळ्या आईचा चेहरा त्याने रंगवितात. आज घरी गेल्यावर आपल्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या चाळून पाहा.

आता न्यायालयाकडे वळू. दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन नावाचा परगणा आहे. तेथील वेगळ्या शाळांविरुद्ध पालकांनी दावा लावला, आणि १९५१ साली केनेथ क्लार्क आपल्या बाहुल्या घेऊन तेथे गेले. ६ ते ९ वर्षांची १६ मुले त्यांनी तपासली. त्यांतील १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. तपकिरी बाहुली 'वाईट' दिसते असे ११ मुलांनी सांगितले. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी वेगळ्या शाळा मोडीत काढण्याची मागणी फेटाळली. तिसरे, न्यायमूर्ती वेअरिंग, यांनी विरोधी मत नोंदविले की वेगळे ठेवणे हीच मुळात विषमता होय. वेअरिंग स्वतः त्याच राज्यातले, जुन्या गोऱ्या घराण्यातले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मताचे मोल कळते.

दुसरा दावा व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याचा. तो उभा राहिला एका मुलीमुळे. बार्बरा जॉन्स १६ वर्षांची होती. तिच्या शाळेत जागेच्या कितीतरी पट मुले कोंबलेली होती आणि डांबरी कागद मारलेल्या खोपटांत वर्ग भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी तिने सर्व विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. वडीलधाऱ्यांना न विचारता. या खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष देण्यास आले ते कोलंबियाचे प्राध्यापक हेन्री गॅरेट, म्हणजे मेमी क्लार्क यांचे डॉक्टरेटचे मार्गदर्शक. वंशावंशांत उपजतच भेद असतो, असे त्यांचे मत. ते खोडून काढण्यासाठी वकील रॉबर्ट कार्टर यांनी मेमीबाईंनाच साक्षीस बोलाविले. आपल्या गुरूच्या विरुद्ध, शपथेवर, भर न्यायालयात बोलणारी ही कृष्णवर्णीय स्त्री. इतकी विद्या असूनही डॉक्टरेटनंतर तिला योग्य नोकरी मिळत नव्हती. काळी म्हणून एक दार बंद आणि बाई म्हणून दुसरे. शेवटी १९४६ साली हार्लेम वस्तीत तिने व पतीने मुलांसाठी स्वतःचेच केंद्र काढले.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या दाव्यांचा एकत्र निकाल दिला. त्यास ब्राउन खटला म्हणतात. नऊही न्यायाधीशांचे एकमत होते. १८९६ पासून चालत आलेला 'वेगळे पण समान' हा सिद्धान्त सार्वजनिक शाळांपुरता मोडीत निघाला. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा निर्देश आहे. त्यानंतर प्रिन्स एडवर्ड परगण्याने काय केले? गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसविण्याऐवजी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. निकाल हाती आला म्हणजे लढा संपला, असे समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानी धरावे.

वकील म्हणून या पुराव्याची उलटतपासणीही मला केली पाहिजे. सोळा मुले म्हणजे फार थोडी. शिवाय उत्तरेकडील ज्या राज्यात शाळा कायद्याने वेगळ्या नव्हत्या, तेथील कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली अधिक प्रमाणात निवडली होती, मग दोष वेगळ्या शाळेचा कसा, असा सवाल विरोधकांनी केला. हा आक्षेप पोकळ नाही. माझ्या मते त्यातून एवढेच सिद्ध होते की विष शाळेपुरते नव्हते, सगळ्या हवेत होते. परंतु एखाद्या मुलाने स्वतःस पांढरे रंगविले म्हणून त्याच्या मनाचा संपूर्ण निदान-अहवाल हाती आला, असे कोणी मानू नये. चित्र ही साक्ष आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

स्त्री-पुरुष विषमतेचीही अशीच साक्ष मुलांनी दिली आहे. डेव्हिड वेड चेंबर्स या संशोधकाने १९६६ ते १९७७ या काळात ४,८०७ शाळकरी मुलांकडून एकच चित्र काढवून घेतले. सूचना इतकीच : वैज्ञानिकाचे चित्र काढ. मुलांनी पांढरा कोट काढला, चष्मा काढला, दाढी काढली. या पावणेपाच हजारांहून अधिक चित्रांत वैज्ञानिक स्त्री होती केवळ २८ चित्रांत, आणि ती सर्व मुलींनी काढलेली. एकाही मुलाला स्त्री सुचली नाही. त्या मुलांत जवळजवळ निम्म्या मुली होत्या हे लक्षात घ्या. म्हणजे मुलींनीही आपणांस त्या चित्रात जागा दिली नव्हती.

पुढे काय झाले? २०१८ साली अमेरिकेतील अशा ७८ अभ्यासांचा, म्हणजे वीस हजारांहून अधिक मुलांच्या चित्रांचा, एकत्र विचार प्रसिद्ध झाला. १९८० नंतरच्या काळात सरासरी २८ टक्के चित्रांत स्त्री-वैज्ञानिक दिसू लागली होती. ही सुधारणा खरी. पण वयाचा हिशेब पाहा. ६ वर्षांच्या मुलींनी काढलेल्या वैज्ञानिकांत सुमारे ७० टक्के स्त्रिया होत्या आणि १६ वर्षांच्या मुलींच्या चित्रांत सुमारे २५ टक्के. दहा वर्षांच्या शिक्षणाने मुलीस जे शिकविले त्यात हेही होते. आपल्या भाषेत तर प्रश्न विचारतानाच उत्तर सुचविले जाते. "वकील आला काय?" असेच विचारतात, आणि दारात मी उभी असते.

येथवर मोठ्या माणसांनी विचारले आणि मुलांनी उत्तर दिले. विद्यार्थी आपण होऊन चित्र काढतो व ते लोकांपुढे ठेवतो, तेव्हा काय होते याची एक अलीकडची हकिकत आहे. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसूरी राज्यातील फर्ग्युसन गावी एका १८ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणास पोलिसाने गोळी घातली. त्या पोलिसावर खटला झाला नाही. पण २०१५ साली अमेरिकेच्या न्याय खात्यानेच अहवाल काढून त्या गावच्या पोलिसांच्या कारभारात वर्णभेद असल्याचे नमूद केले. शेजारच्या सेंट लुईस शहरात डेव्हिड पुल्फस नावाचा विद्यार्थी शाळेच्या शेवटच्या वर्गात होता. त्याने हे सारे चितारले. एका बाजूस निदर्शक, समोर बंदूक रोखलेले पोलीस, त्यांतील काहींना रानडुकरासारखे तोंड, एका निदर्शकास लांडग्याचे. बाजूस पदवीची टोपी घातलेला तरुण, क्रुसावर चढविल्याप्रमाणे हात पसरलेला, आणि हातांत न्यायाचा तराजू. २०१६ च्या विद्यार्थी-चित्रस्पर्धेत त्या मतदारसंघातून हे चित्र पहिले आले आणि अमेरिकेच्या संसद-भवनाच्या भुयारी वाटेत, इतर मतदारसंघांच्या चित्रांबरोबर, लागले.

सहा महिने ते तेथे निर्वेध होते. मग आरडाओरड झाली. जानेवारी २०१७ मध्ये एका सभासदाने ते स्वतः भिंतीवरून उतरविले, तर त्या विभागाचे प्रतिनिधी लेसी क्ले यांनी ते पुन्हा लावले. असे अनेकदा घडले. शेवटी भवनाच्या अधिकाऱ्याने ते काढून टाकले. चित्रकाराने व क्ले यांनी मिळून दावा लावला. एप्रिल २०१७ मध्ये न्यायमूर्ती बेट्स यांनी चित्र परत लावण्याचा अंतरिम हुकूम नाकारला. चित्र त्यातील मतामुळेच निघाले यात फारशी शंका नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती भिंत सरकारची असून तिच्यावर लागलेली चित्रे हे सरकारचे स्वतःचे बोलणे होय, आणि सरकारने काय बोलावे हे ठरविण्यास सरकार मोकळे आहे, असा कायद्याचा अर्थ त्यांनी लावला. मला हा निकाल पटत नाही. मुलाने काढलेले, मुलाच्या नावाने लागलेले चित्र एकाएकी सरकारचे बोलणे कसे होते? पण त्यातून मिळणारी व्यवहाराची शिकवण मी टाकून देणार नाही. दुसऱ्याच्या भिंतीवर लावलेले चित्र दुसऱ्याच्या मर्जीने उतरते. याच संसद-भवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला सेनापती ली यांचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलविण्यात आला आणि त्या जागेसाठी निवड झाली बार्बरा जॉन्सची. भिंतींचे धनी बदलतात, पण वेळ लागतो.

आपल्या हाती काय आहे, ते आता पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे तेरावे कलम सांगते की मुलास बोलून, लिहून, छापून किंवा कलेच्या रूपाने मत व्यक्त करण्याचा हक्क आहे. कलेचा असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. अमेरिकेने त्यावर १९९५ साली सही केली, पण तो संमत मात्र केलेला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली केरळातील तीन भावंडांना शाळेतून काढण्याचा हुकूम रद्द केला होता. ती राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेच्या दारातून आत गेले म्हणून मुलाचा हक्क बाहेर राहत नाही.

म्हणून माझी तुम्हांस विनंती आहे. तुम्ही नवे जीवन पत्करलेली कुटुंबे आहात. विहारात रविवारी मुलांचे वर्ग भरतात, तेथे कागद व खडू ठेवा. पेटीत तपकिरी व काळ्या रंगांच्या चांगल्या चार छटा असू द्या. चित्र काढावयास सांगताना एक पथ्य पाळा. आम्हां वकिलांस आपल्याच साक्षीदारास सूचक प्रश्न विचारण्याची मनाई असते, तीच तुम्हांसही लागू समजा. "तुला शाळेत कसे छळतात ते काढ" असे सांगितले की मूल तुम्हांला हवे ते काढून देईल, आणि ती साक्ष फुकट जाईल. "आमच्या शाळेतील मधली सुट्टी" एवढेच सांगा. कोण कोणाजवळ बसले आहे, पाण्याच्या नळाशी कोण उभे आहे, मूल स्वतः कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, ते त्याचे त्यालाच दाखवू द्या. किंवा सांगा, "आमच्या घरातील सकाळ". या दुसऱ्या विषयास पुरुषमंडळींनी थोडी छाती घट्ट करून सामोरे जावे. आई शेगडीपाशी, बहीण भांड्यांपाशी, आणि बाबा वर्तमानपत्रामागे, असे चित्र निघाले तर मुलाला रागावू नका. समतेवर भाषण करणाऱ्या घरांतही ते निघेल. चित्रातील वर्तमानपत्र खोडावयास लावण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आपण उठून चहा ठेवावा हे बरे.

बक्षिसे देऊ नका. बक्षीस आले की मुले परीक्षकाची आवड ओळखून काढू लागतात. मुलाचे चित्र त्याच्या संमतीवाचून कोठे लावू अगर छापू नका, आणि त्याने फाडून टाकले तर टाकू द्या. एखाद्या चित्रात मारहाणीचे किंवा अंगचटीचे काही दिसले तर ते प्रदर्शनात नेण्याचा विषय नव्हे. मुलाशी एकांतात, धीराने बोलावे आणि जाणत्या माणसाचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा.

जी चित्रे मुले राखू इच्छितात, त्यांच्या पाठीमागे मुलाचे वय व तारीख लिहा. मूळ कागद शाळेच्या हवाली करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून घ्या. आणि शाळेने ते चित्र भिंतीवरून उतरविले, तर भांडावयास जाऊ नका. मुख्याध्यापकांस चार ओळींचा अर्ज द्या, कारण लेखी मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेची सही घ्या, आणि ती प्रत चित्राबरोबर एकाच पाकिटात ठेवा.